कुंडीत काय लावावं, आणि ते नसेल तर काय

घरच्या औषधी बागेसाठी जी यादी सगळीकडे फिरते ती जवळपास ठरलेली आहे. तुळस, कोरफड, अडुळसा, गुळवेल, ब्राह्मी, शतावरी, अश्वगंधा, सर्पगंधा, शंखपुष्पी, वेखंड. यातली निम्मी नावं शेतकऱ्याच्या कामाची आहेत, गॅलरीतल्या दहा कुंड्यांच्या नाहीत. अश्वगंधा घ्या. तिचं मूळ वापरतात. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या पट्ट्यात तिची शेती होते. तिथे पाच-सहा महिन्यांनी अख्खं झाड उपटून मुळं वाळवतात, आणि एका रोपामागे वाळलेलं मूळ जेमतेम काही ग्रॅम भरतं. तेवढ्यासाठी एक कुंडी सहा महिने अडवून ठेवायची आणि शेवटी झाडही घालवायचं, यात घरच्या माणसाच्या हाती काय लागतं? शतावरीची मुळं काढण्याजोगी व्हायला तर दीड-दोन वर्षं लागतात. शिवाय नर्सरीत शतावरी म्हणून मिळणारं रोप पुष्कळदा तिच्याच कुळातली शोभेची जात निघते, जी हारतुऱ्यांत आणि पुष्पगुच्छात हिरवाईसाठी घालतात.

म्हणून छोट्या बागेसाठी निवडीचा पहिला निकष माझ्या मते हा आहे: ज्याचं पान कामाचं आहे आणि जे खुडल्यावर पुन्हा फुटतं, ते झाड कुंडीत. ज्याचं मूळ, साल किंवा खोडाचा गाभा लागतो, ते बाजारातून, तेही वैद्याने सांगितलं तर. दुसरा निकष त्याहून महत्त्वाचा आहे. आधी काम ठरवा, मग झाड. घरात औषधी पाला लागतो तो थोड्याच गोष्टींसाठी. सर्दी-खोकला, पोट जड होणं, किरकोळ खरचटणं किंवा भाजणं, अंग आखडणं, केसांचं तेल. या प्रत्येक कामासाठी एखाद-दुसरं भरवशाचं झाड असलं की बाग पुरी झाली. आणि कामावरून झाड निवडलं की एक झाड मिळालं नाही, जगलं नाही किंवा हवेला मानवलं नाही, तर त्याच्या जागी काय लावायचं याचं उत्तरही सोपं होतं.

ही बदली शोधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात यावर स्वतंत्र भाग आहे. जे द्रव्य मिळत नाही त्याचा प्रतिनिधी कोणता, याची यादीच त्यांनी दिली. च्यवनप्राशात लागणाऱ्या अष्टवर्गातल्या आठ हिमालयीन वनस्पती राजेलोकांनाही दुर्मीळ आहेत, असं ते मोकळेपणाने सांगतात आणि पर्याय देतात. मेदा-महामेदा नसेल तर शतावरी, जीवक-ऋषभक नसेल तर विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोली नसेल तर अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धी नसेल तर वाराहीकंद. अतिविष नसेल तर नागरमोथा चालतो, केशर नसेल तर करडईची ताजी फुलं, मध नसेल तर जुना गूळ. हिमालयातून येणारं महागडं अतिविष आणि आपल्या ओलसर जमिनीतल्या लव्हाळ्याच्या जातीचा मोथा एकमेकांच्या शेजारी बसवायचे, तर दोन्ही पोटात गेल्यावर काय करतात हे नीट पाहिलेलं असावं लागतं.

पण त्या यादीबरोबर एक अट आहे आणि ती मला यादीपेक्षा मोलाची वाटते. औषधी योगात जे द्रव्य दुय्यम आहे त्याचीच बदली करावी. ज्याच्यावर तो योग उभा आहे त्या मुख्य द्रव्याच्या जागी दुसरं काही घालू नये. घरच्या बागेला हे तंतोतंत लागू पडतं. सर्दीच्या काढ्यात गवती चहा नसला आणि पुदिना घातला तरी काही बिघडत नाही. तिथे दोघांचं काम वास, ऊब आणि थोडा घाम आणणं एवढंच असतं. छातीत दाटलेला कफ सुटण्यासाठी अडुळसा सांगितला असेल, तर मात्र तिथे तुळस घालून अडुळशाचं काम झालं असं समजू नये.

अडुळशाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण छोट्या बागेत एकच झाड लावायची मुभा असती तर मी हेच लावलं असतं. याच्या पानात व्हॅसिसीन नावाचा अल्कलॉइड असतो. त्याच्या रेणूवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं. ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं त्याचं नाव अँब्रॉक्सॉल. औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हे नाव दिसेल. कोकणात आणि देशावर पिकून पिवळी पडलेली पानं वाफवून त्यांचा रस मधातून देण्याची पद्धत आहे (वर्षाच्या आतल्या बाळाला मध मात्र कधीच देऊ नये). कुंडीत हे झाड विलक्षण सोशीक. जून फांदीची तीन-चार पेरांची छाट पावसाळ्याच्या तोंडावर मातीत खोचली की लागते. चौदा इंची कुंडी, दिवसातून चार तास ऊन, बस. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे अंगणात असेल तर कुंपणालाही चालतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. अडुळसा गर्भाशयाला आकुंचन आणू शकतो, म्हणून गरोदर बाईने तो घेऊ नये. आपल्या घरात तशी कोणी असेल तर त्या काळात खोकल्याचा काढा या झाडाच्या पानांवर बेतू नये, डॉक्टरांना विचारावं.

आता सगळ्यात मोठ्या गोंधळाकडे येऊ. नर्सरीत जाऊन ब्राह्मी मागा. तीन वेगवेगळ्या वनस्पतींपैकी कोणतीही हातात पडू शकते, आणि विकणाऱ्याच्या मनात खोटं काही नसतं. पहिली म्हणजे मंडूकपर्णी, कोकणात जिला कारिवणा म्हणतात ती. महाराष्ट्रात केसांच्या तेलासाठी ब्राह्मी म्हणून बहुतेक घरांत हीच वापरली जाते. पान वाटोळं, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक कातरा, आणि लांब देठ. दुसरी नीरब्राह्मी, जिला जलब्राह्मीही म्हणतात. ही ओढ्याकाठी, पाणथळ जागी पसरते. पानं अगदी लहान, जाडसर, देठाशी निमुळती आणि टोकाकडे रुंद, समोरासमोर जोडीने. फूल पांढरट-जांभळट. चव जिभेवर रेंगाळणारी कडू. तिसरी पाण्याच्या शोभेच्या कुंड्यांमधली परदेशी वनस्पती. पान गोल, तकतकीत, फार देखणं, आणि औषधी ब्राह्मीशी तिचा काही संबंध नाही.

पहिली आणि तिसरी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या तर सवय नसलेल्या डोळ्याला एकच वाटतात. ओळखायचं ते पान उलटं करून. मंडूकपर्णीच्या पानाला एका बाजूला खोल खाच असते आणि देठ त्या खाचेतच जोडलेला असतो. शोभेच्या वनस्पतीत पान सलग गोल, खाच नाही, आणि देठ पानाच्या पोटाला बरोबर मधोमध चिकटलेला. देठाच्या त्या टोकापासून शिरा सगळीकडे फाकलेल्या दिसतात. एवढं पाहायला दहा सेकंद लागतात. पान हातात घेऊन उलटं केल्याशिवाय ब्राह्मीचं रोप घरी आणू नये.

मग खऱ्या दोघींपैकी कोणती लावावी? चरकसंहितेत बुद्धीला हितकर म्हणून जी चार रसायनं सांगितली आहेत त्यांत मंडूकपर्णी आहे. इतर तीन म्हणजे ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. ब्राह्मी तिथे या चौघांत नाही. तिचा उल्लेख अपस्मारावरच्या ब्राह्मी घृतात येतो. म्हणजे जुन्यांनी दोघींना वेगळं ओळखलं होतं. आधुनिक अभ्यासही दोन वाटांनी गेला. मंडूकपर्णीतल्या एशियाटिकोसाइड वर्गातल्या द्रव्यांवर जखम भरून येण्याच्या संदर्भात काम झालं. नीरब्राह्मीतल्या बॅकोसाइडांवर लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने स्मरणशक्तीच्या संदर्भात काम केलं. तेल, लेप, चटणी-कोशिंबीर यासाठी घरात लावायची असेल तर मंडूकपर्णी. तिला पसरट कुंडी, अर्धी सावली आणि सतत ओलावा हवा. मुंबई-कोकणात ती वेड्यासारखी वाढते. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात मात्र तिची पानं भाजून निघतात, हिरवी जाळी लावली तरी. तिथे नीरब्राह्मी जास्त तग धरते, कारण भोकं नसलेल्या टबात दोन बोटं पाणी राखून तिला उन्हाळा काढता येतो. पण तेव्हाही आपण एकीच्या जागी दुसरी लावली आहे आणि दोघींची कामं निराळी आहेत, हे कुंडीवर लिहून ठेवावं.

गुळवेलीच्या बाबतीत या ओळखीची किंमत जास्त आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत जो तो गुळवेलीचा काढा घेऊ लागला. सोसायट्यांच्या कुंपणावरून, रस्त्याकडेच्या झाडांवरून वेली तोडून नेल्या गेल्या. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं की दिसायला सारखी असलेली दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असावी. त्यांनी दोघींतला फरकही जाहीर केला, आणि तो घरी पाहता येण्याजोगा आहे. खऱ्या गुळवेलीचं, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाचं खोड हिरवं असतं, अंगावर गाठी नसतात, कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही, फुलाला सहा पाकळ्या आणि फळं लाल गोल. क्रिस्पाचं खोड करडं, अंगभर बारीक गाठी, कापल्यावर दुधाळ चीक, पाकळ्या तीन आणि फळ लांबट नारिंगी. तिसरी एक जात आपल्या सह्याद्रीतही आहे. तिची पानं मोठी आणि खालून मखमली, लवदार. खऱ्या गुळवेलीचं पान दोन्हीकडून गुळगुळीत आणि हृदयाच्या आकाराचं. तिच्या खोडाची वरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि नखाने ती खरवडली की खाली हिरवं लागतं.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण २०२२ मध्ये देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला आणि त्यात बऱ्याच जणांमध्ये यकृताचा स्वप्रतिकार आजार जागा झाल्याची लक्षणं होती. शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारी वनस्पती ज्याची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटलेली आहे त्याला त्रास देऊ शकते, हे समजण्यासारखं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीच्या प्रतिकारशक्तीवरच्या परिणामांचा कितीतरी वर्षं अभ्यास केला होता. या वेलीत ताकद आहे याबद्दल शंका नाही. ताकद आहे म्हणूनच ती रोज सकाळी घरातल्या सगळ्यांनी प्यायची गोष्ट नाही. थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार, संधिवात, सोरायसिस, यकृताचा कोणताही त्रास असलेल्याने तिच्यापासून लांब राहावं, आणि इतरांनीही वैद्याच्या सल्ल्याने, ठरावीक दिवसच घ्यावी. गॅलरीत गुळवेल लावायला हरकत नाही. बोटभर जाडीचा वीतभर तुकडा मातीत खोचला की फुटतो, आणि ग्रिलवर चढून सावलीही देतो. तिची बदली शोधणाऱ्यांना मात्र माझं सांगणं आहे की शोधू नका. ताप उतरत नसेल तर रक्त तपासून घ्यावं. तिथे बदलीची वेल नको, निदान हवं.

तुळशीत निवड सोपी आहे, पण एक फरक सांभाळायचा. राम आणि कृष्ण या दोन्ही तुळशी एकाच जातीच्या आहेत, दोन्हींच्या वासात लवंगेसारखं युजेनॉल असतं, आणि काढ्याला एकीच्या जागी दुसरी बिनदिक्कत चालते. सब्जाची तुळस ही वेगळी जात. तिचं बी भिजवून घ्यायचं, पान स्वयंपाकात. कापूर तुळस मात्र नावाप्रमाणे कापराने भरलेली असते. ती डास-चिलटांसाठी, कपाटात ठेवायला. काढ्यात घालू नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये.

गवती चहाचंही असंच. त्याची बहीण सिट्रोनेला हल्ली डास पळवणारं झाड म्हणून सर्रास विकली जाते. चुरगाळलं तर दोन्हींना लिंबासारखा वास. पण सिट्रोनेलाच्या वासात साबणाचा एक कडवट सूर असतो आणि तिच्या पात्यांचा बुंधा लालसर-जांभळा असतो, गवती चहाचा पांढरट-हिरवा. सिट्रोनेला चहात घालायची नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना थंडीत गवती चहा कुंडीत टिकवणं जड जातं. तिथल्या नर्सरीत सहज मिळणारा लेमन बाम हा चांगला प्रतिनिधी आहे, कारण त्याच्याही सुगंधात तेच सिट्रल आहे आणि तो बर्फ सोसतो. उलट दिशेने पाहिलं तर परदेशी पुस्तकांत खोकल्यासाठी जो थाईम सांगतात त्याच्या जागी आपल्याकडे पानओवा अगदी योग्य. जाड, लवदार, कुरकुरीत पानांचं हे झाड पुष्कळ जण ओव्याचं झाड समजतात. ओवा देणारं झाड शेपूच्या कुळातलं, हे पुदिन्या-तुळशीच्या. कुळं वेगळी असूनही ओवा, पानओवा आणि थाईम या तिघांतही थायमॉल किंवा त्याचा सख्खा भाऊ कार्व्हाक्रॉल असतो, म्हणून तिघांचं काम जुळतं. पोट फुगलं, घसा खवखवला की दोन पानं मिठाबरोबर चावावीत, किंवा सरळ भजी करावीत. हे झाड लावायला कष्ट नाहीत. फांदी मोडून खोचा. मरतं ते फक्त जास्त पाण्याने.

परदेशी पुस्तकातली आणखी एक फसवी जोडी म्हणजे कॅलेंडुला. जखमेच्या मलमात तिची फुलं वापरतात. मराठीत आणताना तिचा झेंडू होतो आणि मग कोणी दसऱ्याचे झेंडू तेलात मुरवतं. दोघांची फुलं केशरी, पण जाती निराळ्या. आपल्याकडे त्या कामाला मंडूकपर्णी आणि कोरफड आहेत, तेव्हा कॅलेंडुलाची उणीव भासू नये.

कोरफड भाजल्यावर उपयोगी. तिचं पान तोडलं की सालीलगत पिवळा चीक येतो. वाळवल्यावर त्याचाच काळा बोळ होतो आणि तो जालीम रेचक आहे. पान उभं धरून दहा-पंधरा मिनिटं तो चीक पूर्ण निथळू द्यावा, साल जाड काढावी, आणि गर धुऊन त्वचेला लावावा. पोटात घेण्याच्या फंदात घरच्या घरी पडू नये. पानांना काटेरी कड आहे म्हणून घायपातीच्या जातीची शोभेची झाडं कोरफड समजून आणू नयेत. त्यांचा रस अंगाला खाज आणतो.

पानफुटीबद्दल मात्र मला काळजी वाटते. पानाच्या कडेला पिल्लं फुटणारं हे झाड मुतखड्यावर म्हणून घराघरात आहे, आणि रोज सकाळी एक पान खाणारी माणसं आहेत. ग्रंथांतला पाषाणभेद हिमालयातला, खडकांच्या कपारीत वाढणारा. तो इकडे मिळत नाही, म्हणून त्याच्या नावाने जी झाडं पुढे आली त्यांत ही पानफुटी आहे. तिच्या कुळातल्या झाडांत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात ही झाडं चरून गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. एखादं पान लेप म्हणून ठीक. खड्यासाठी महिनोन्‌महिने खाणं, त्यातही हृदयाची औषधं चालू असताना, हा धोका घेऊ नये.

नावापुरती बदली झाली की काय होतं याचं बाजारातलं ठळक उदाहरण अशोकाचं आहे. स्त्रियांच्या विकारांवर सांगितलेली साल सीतेच्या अशोकाची, केशरी फुलांचे झुबके येणाऱ्या. तो जंगलात कमी झाला. आणि शाळा-सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने उभा असलेला उंच, सरळसोट खोटा अशोक कुठेही मिळतो. त्याची साल अशोक म्हणून विकली जाते, हे औषधी द्रव्यांच्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. नागकेशराच्या नावाने सुरंगीच्या कळ्या जातात. वावडिंगाच्या नावाने त्याच्याच कुळातली दुसरी फळं. यातल्या काही बदल्या वैद्यांनी मान्य केलेल्या आहेत, काही निव्वळ तुटवड्यातून आल्या. म्हणून सालीची, मुळांची औषधं सुटी न घेता परवानाधारक कारखान्याची तयार घ्यावीत. परसात जागा असेल तर सीतेचा अशोक जरूर लावावा, सालीसाठी नव्हे, तो आपल्या जंगलांतून उणा होतो आहे म्हणून.

काही झाडं घरच्या औषधी बागेत नकोतच. सर्पगंधेचं मूळ रक्तदाब उतरवतं हे जगाला पटवून देण्यात मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा लेख १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, आणि पुढे त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. त्या औषधाने काहींना खोल नैराश्य आल्याचंही नंतर नोंदलं गेलं. मोजूनमापून दिलेल्या गोळीची ही गत, तर उगाळलेल्या मुळाचा अंदाज कोण बांधणार? सर्पगंधेची घरी बदली नाही आणि घरी वापरही नाही. वेखंडात बीटा-एसरोन असतं. अमेरिकेने १९६८ मध्ये ते अन्नात वापरायला बंदी घातली. आपल्याकडच्या वेखंडात त्याचं प्रमाण जास्त असतं, आणि आपण ते बाळगुटीत उगाळतो. तान्ह्या बाळाच्या तोंडी ते देऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. पायावर चोळायला, कपड्यांत ठेवायला वापरायचं तर लावा. त्याला चिखल लागतो. धोतरा, गुंज, कण्हेर, बिट्टी ही सारी औषधी म्हणून सांगितली जातात, पण लहान मूल असलेल्या घरात त्यांची जागा नाही.

याउलट काही चांगली झाडं न लावताच येतात. पावसाळ्यात कुंडीच्या कडेला भुईआवळी उगवते. चिंचेसारखी पानं, आणि पानांच्या खाली ओळीने लटकलेली मोहरीएवढी फळं. माका येतो, त्याला पांढरी बारीक फुलं असतात. बागांमध्ये जमीन झाकायला लावतात तो पिवळ्या फुलांचा पसरणारा प्रकार माका नव्हे. घेटुळी म्हणजे पुनर्नवा येते, लालसर देठांची. हिच्यासारखाच दिसणारा खापरा भाजीला चालतो, पण तो पुनर्नवा नव्हे. केसांच्या तेलासाठी मंडूकपर्णी मिळाली नाही तर माका हा उत्तम प्रतिनिधी आहे, आणि तो फुकट आहे. मात्र हा पाला आपल्याच कुंडीतला घ्यावा. रस्त्याकडेला, नाल्याकाठी, तणनाशक मारलेल्या बांधावर उगवलेला घेऊ नये. भुईआवळी काविळीवर म्हणून प्रसिद्ध आहे. काविळीची कारणं अनेक असतात आणि काही प्राणघातक, त्यामुळे डोळे पिवळे दिसले की आधी तपासणी.

अंग आखडलं, पाय मुरगळला तर निर्गुंडी. पंजासारखी पाच पानं, वरून हिरवी आणि खालून रुपेरी. पानं तव्यावर गरम करून बांधतात, पाण्यात उकळून शेक देतात. ती झुडूप होऊ पाहते, म्हणून वर्षातून दोनदा कडक छाटावी लागते. जागा नसेल तर तिच्याजागी वेगळं झाड लावू नये. गरम पाण्याची पिशवी बरंचसं तेच काम करते.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असतं हे गृहीत धरावं. जुनी पानं काढून टाकावीत, आणि नवी पालवी पूर्ण वाढली की मगच खुडायला सुरुवात करावी. पिठ्या ढेकूण तुळशीवर आणि मावा इतर झाडांवर येतोच. साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी अर्क फवारावा, खायच्या पाल्यावर दुसरं काही नको. रोप घेताना शक्य असेल तर फुलावर आलेलं घ्यावं, कारण पानं फसवतात, फूल सहसा फसवत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान किंवा राहुरी, दापोलीची विद्यापीठं जवळ असतील तर एकदा तिथे जाऊन झाडं नावानिशी पाहून यावीत. कुंडीवर नाव लिहावं ते शास्त्रीय नावासह. उद्या घरात कोणाला काही त्रास झाला आणि डॉक्टरांनी काय खाल्लं होतं विचारलं, तर ब्राह्मी या उत्तराने त्यांना काही कळणार नाही. बॅकोपा (नीरब्राह्मी) की सेंटेला (मंडूकपर्णी), हे सांगता आलं पाहिजे. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर कोणताही पाला नेमाने घेण्याआधी हे नाव त्यांना आधीच दाखवावं.

सुरुवात करणाऱ्याने अडुळसा, तुळस, पानओवा, गवती चहा, मंडूकपर्णी आणि कोरफड या सहा कुंड्या मांडाव्यात. कोरफड सोडली तर बाकीची झाडं लावायला मृगाचे पाऊस पडू लागल्यावरचा हंगाम उत्तम. गवती चहाचा ठोंब ओळखीच्या घरून फोडून आणावा, अडुळशाची छाट कोणाच्याही कुंपणावरून मागून मिळते. नवरात्रापर्यंत छाटीला पानांच्या तीन-चार जोड्या आलेल्या असतात. तेव्हा शेंडा खुडून झाड दाट होऊ द्यावं, आणि कामासाठी पानं काढायची ती थंडी पडल्यावर, एका वेळी एका फांदीवरची दोन-तीनच.